दिवाळीचा माल आणि ‘नाही’ची वही

एप्रिलच्या शेवटी बाबांची बायपास झाली आणि डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिने दुकानाची पायरी चढायची नाही. नागपुरात सक्करदऱ्याला आमचं लहान मुलांच्या तयार कपड्यांचं दुकान आहे, २८ वर्षांचं. मी तोवर एका शाळेत हिशेबाचं काम करत होते. दुकान मला नवीन नव्हतं, पण मी बसायची ती सणासुदीला, गल्ल्यावर. माल कधी मागवायचा, कुणाकडून, किती, काय बोलीवर, हे सगळं बाबांच्या डोक्यात. २०२५ची दिवाळी मला काढायची होती. पहिले पंधरा दिवस मला रात्री झोप लागत नव्हती. तेव्हा कुणा दुकानदाराने तारखांसकट लिहिलेलं काही वाचायला मिळालं असतं तर बरं झालं असतं, असं फार वाटायचं. म्हणून हे लिहितेय.

सुरुवात जूनमध्ये मोजणीने केली. आमच्याकडे २२ वर्षांपासून कामाला असलेले काका आणि मी, सलग तीन रात्री शटर अर्धं ओढून एकेक खोकं उघडलं. ४,१८० नग निघाले. त्यातले ६१२ दोन वर्षांहून जुने होते, आणि तेही बहुतेक मोठ्या मापाचे, ३२, ३४ नंबरचे. मग बाबांची मागच्या तीन दिवाळ्यांची बिलबुकं काढली आणि चौकटीच्या वहीत आडव्या ओळीत नंबर, उभ्या ओळीत आठवडे असं मांडलं. याला चार रविवार गेले. पण त्या चार रविवारांनी मला जे सांगितलं ते कुठल्या व्यापाऱ्याने सांगितलं नसतं. तिन्ही वर्षी धनत्रयोदशीच्या आधीच १८, २० आणि २२ नंबर संपलेले होते. म्हणजे दीड ते चार वर्षांची पोरं. होलसेलवाले माल सेटमध्ये देतात, २० ते ३० असा सेट असेल तर प्रत्येक नंबरचा एक. लहान नंबर आधी उचलले जातात, सेट तुटतो आणि मोठे नंबर पडून राहतात. ६१२ नगांचा उगम हाच होता.

बाबांना ती वही दाखवली. त्यांनी बराच वेळ बोट फिरवलं आणि म्हणाले, “हे मले माहीत होतं बेटा, पण असं दिसत नव्हतं.”

यानंतर पैशाचं काम. आमची बँकेत सहा लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा आहे, म्हणजे मालाच्या तारणावर लागेल तसं उचलायचं कर्ज. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यावं लागतं. मालाच्या किमतीतून व्यापाऱ्यांना द्यायची राहिलेली रक्कम वजा करून, जे उरेल त्याच्या ७५ टक्क्यांपर्यंत उचल मिळते. मी ७ जुलैला सणापुरती चार लाखांची वाढीव मर्यादा मागितली. कागद लागले ते असे: दोन वर्षांची आयकर विवरणपत्रं, बारा महिन्यांची जीएसटी रिटर्न, उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी), दुकानाच्या नोंदणीची पावती, विम्याची पॉलिसी आणि सणातल्या खरेदी-विक्रीचा अंदाज. विम्यावर अडलं. पॉलिसी पाच लाखांच्या मालाची होती आणि दुकानात पावणेनऊ लाखांचा माल. रक्कम वाढवून आणायला आठ दिवस गेले. दिवाळीत शेजारी फटाक्यांचं दुकान लागतं, तेव्हा बँकेने मागितलं नसतं तरी हे करायलाच हवं होतं.

अधिकारी माल बघायला २४ जुलैला आले. त्यांनी ते ६१२ नग हिशेबात धरलेच नाहीत. जुना माल तारण म्हणून चालत नाही. वाईट वाटलं, पण त्यांचं बरोबर होतं. ११ ऑगस्टला तीन लाख मंजूर झाले, ९० दिवसांसाठी. इथे एक गोष्ट सांगून ठेवते: हे ९० दिवस मंजुरीपासून मोजतात. मला उशीर झाला म्हणून मी रडवेली झाले होते, पण त्यामुळेच परतफेडीची तारीख भाऊबीजेच्या पलीकडे गेली. जुलैतच मंजूर झाले असते तर ऐन दिवाळीत पैसे भरावे लागले असते.

मधल्या काळात माल ठरवायचा होता. बाबा दरवर्षी मुलींचे फ्रॉक कोलकात्याच्या मटियाबुर्जहून आणतात, जीन्स उल्हासनगरची, आणि बाकीचं इथल्याच गांधीबागेच्या होलसेल कापडबाजारातून. फोटो बघून फोनवर ऑर्डर देता येते. पण पहिलंच वर्ष, म्हणून काकांना घेऊन गेले. गीतांजली एक्स्प्रेसने हावड्याला, आणि २६-२७ जुलैचा शनिवार-रविवारचा हाट. दोघांचं जाणं-येणं, राहणं मिळून ९,४०० रुपये खर्च आला. कापड हातात घेतल्यावर फोटोत न दिसणारी गोष्ट कळते: नेटच्या फ्रॉकला आतून अस्तर आहे का नाही, ते. नसेल तर लेकराला टोचतं आणि आई फ्रॉक परत आणून देते.

तिथे मी सेट फोडून मागितला. १८, २०, २२ दुप्पट, ३० नंबर अर्धा. दोघांनी सरळ नाही म्हटलं. तिसऱ्याने नगामागे सहा रुपये जास्त लावून हो म्हटलं. २२५ रुपयांच्या नगाला सहा रुपये म्हणजे पडून राहणाऱ्या मालापुढे काहीच नाही. मी घेतलं.

एकूण आठ लाखांची खरेदी ठरवली होती, तिचे तीन भाग केले. ६० टक्के माल १० सप्टेंबरपर्यंत दुकानात, २५ टक्के दसऱ्याच्या आत, आणि १५ टक्क्यांचे पैसे हातातच. त्याची कुठेही ऑर्डर नाही. आठवडा-दोन आठवड्यांची विक्री बघून तो माल गांधीबागेतून आणायचा. बाहेरगावचा माल यायला किती दिवस लागतात हे मी जुन्या बिल्ट्यांवरून, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावत्यांवरून, काढलं. कोलकात्याहून आठ ते अकरा दिवस, उल्हासनगरहून तीन-चार. मुंबईकडचा माल यंदा आणखी लवकर आला. समृद्धी महामार्ग जूनमध्ये शेवटपर्यंत सुरू झाला होता. गांधीबाग तर दुपारी फोन केला की संध्याकाळी छोटा हत्ती दारात. जो माल लांबून येतो तो आधी आणि अंदाजाने मागवावा लागतो, जो जवळून येतो तो शेवटी आणि बघून. मोठमोठ्या दुकानांची गोदामं वाडीकडे आहेत, त्यांचे संगणक हेच गणित करत असावेत, असं मला वहीवर रेघा ओढताना वाटायचं.

२२ ऑगस्टला पोळा होता आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलं लाकडी नंदी सजवून घरोघरी नेतात, आणि त्यासाठी धोतर-कुर्ता, फेटा असं नटतात. त्याच दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते. त्या आठवड्यात मी दोन गोष्टी केल्या. ६१२ जुने नग दारात टेबल लावून १०० आणि १५० रुपयांना काढले. आठ दिवसांत २८० गेले. खरेदीच्या निम्मेसुद्धा आले नाहीत. बाबांना हे सांगताना माझा आवाज बसला होता. पण ५० हजारांच्या आत का होईना, अडकलेली रक्कम मोकळी झाली आणि दोन कपाटं रिकामी झाली. नव्या मालाला जागा त्यातूनच मिळाली.

दुसरी गोष्ट म्हणजे वही. शंभर पानी, २५ रुपयांची, गल्ल्याशेजारी दोऱ्याला बांधलेल्या पेनासह. गिऱ्हाईकाने काही मागितलं आणि आपल्याला “नाही” म्हणावं लागलं, की त्यात एक ओळ लिहायची: तारीख, वस्तू, नंबर, रंग. बिलबुकात विकलेलं दिसतं. न विकलेलं, कारण ठेवलेलंच नव्हतं, ते कुठेच दिसत नाही. काका आधी कुरकुरले, “गर्दीत कोण लिहीन बाई?” पण आठ दिवसांनी तेच मला आठवण करून देऊ लागले.

३ सप्टेंबरला रात्री जीएसटीचे नवे दर जाहीर झाले, २२ तारखेपासून लागू. आधी हजार रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के आणि त्याच्या वर १२ होते, ते आता अडीच हजारांपर्यंत ५. चांगली बातमी होती. तरी माझ्या पोटात गोळा आला. शेरवानी आणि लेहंग्यांचा माल नुकताच १२ टक्के भरून आणला होता. दुसऱ्या दिवशी सीएंकडे धावले. त्यांनी शांतपणे समजावलं: भरलेला जास्तीचा कर बुडत नाही, क्रेडिट खात्यात राहतं आणि पुढच्या विक्रीच्या करातून वजा होत जातं, फक्त त्याचा रोख परतावा मिळत नाही. खरेदी हजाराच्या आतली आणि विक्री हजाराच्या वरची, असे जे नग होते त्यांच्यावर खरेदीत ५ आणि विक्रीत १२ लागायचे, ती तफावतही संपली. गिऱ्हाईक मात्र थांबलं. “२२ नंतर येतो ताई,” हे वाक्य मी त्या पंधरवड्यात किती वेळा ऐकलं! तसाही पितृपंधरवडा होता, ८ ते २१. सर्वपित्री अमावास्येच्या रात्री आम्ही ३४० नगांची लेबलं बदलली. १,३४४चं १,२६०. काका लेबल सोलायचे, मी नवं लावायची, आई यादीवर खूण करायची. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधला दर बदलायला विसरू नका. आमचा बदलला होता, पण एका गटाचा राहिला आणि घटस्थापनेला पहिली सहा बिलं चुकीची निघाली. सहाही जणांना फोन करून फरक परत दिला.

वहीचा खरा उपयोग त्याच सुमारास कळला. १४ सप्टेंबरपासून एक ओळ पुन्हा पुन्हा येत होती: कुर्ता-पायजामा, पांढरा, २४. कुर्ता-पायजामा, पांढरा, २८. फ्रॉक, पांढरा, २२. आठवड्यात १७ वेळा. आमच्याकडे कुर्ते होते, पण सगळे मरून, मोरपंखी, पिवळे. दीक्षाभूमीवरच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी, दसऱ्याला, लेकरांना पांढरे कपडे हवे होते. १९५६ साली बाबासाहेबांनी याच शहरात दीक्षा दिली, दरवर्षी लाखो लोक येतात, हे नागपूरच्या पोराला सांगावं लागत नाही. पण माझ्या जुलैच्या तक्त्यात रंगाचा रकानाच नव्हता. बिलांवर फक्त “कुर्ता सेट” लिहिलेलं असतं. बाबांना विचारलं तर म्हणाले, “ते मी ऐनवेळी गांधीबागेतून आणत होतो ना, दरवर्षी.” राखून ठेवलेल्या पैशातून मी २० तारखेला ८० नग आणले, काही साधे, काही बारीक कडेचे. २ ऑक्टोबरच्या दुपारपर्यंत ७१ गेले. एका आजींनी दोन नातवांसाठी घेतले, दुकानातच घालून बघितले आणि धाकट्याच्या कॉलरची घडी तीनतीनदा नीट केली. मी पावती फाडायची थांबून बघत राहिले होते.

कोलकात्याचा दुसरा हप्ता मात्र घोर लावून आला. पाच गाठींची बुकिंग २० सप्टेंबरची. २२च्या रात्री आणि २३च्या पहाटे तिथे असा पाऊस कोसळला की अर्धं शहर पाण्यात. ट्रान्सपोर्टचा फोन लागेना. गाडी २५ला निघाली आणि त्या दिवशी ई-वे बिलात, म्हणजे माल रस्त्याने नेण्याच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदात, गाडीनंबर भरला गेला, तिथून त्याची मुदत सुरू झाली. दर २०० किलोमीटरला एक दिवस, म्हणजे आमच्या अंतराला सहा दिवस: १ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीपर्यंत. १ तारखेला संध्याकाळी पाचला चौकशी केली तर माल रायपूरच्या गोदामात उतरलेला, आणि दुसऱ्या दिवशी दसरा, गाडीच नाही. मुदत संपायच्या आठ तास आधीपासून संपल्यानंतर आठ तासांपर्यंतच ती वाढवता येते, आणि ती ज्याच्या ताब्यात माल आहे त्या ट्रान्सपोर्टवाल्याने वाढवायची असते. मुदत संपलेल्या बिलावर माल रस्त्यात पकडला तर दंड भरून सोडवावा लागतो. मी त्या संध्याकाळी अकरा फोन केले. रात्री साडेनऊला नवी मुदत पडलेली पोर्टलवर दिसली, तेव्हा कुठे चपाती घशाखाली उतरली. बिलाचा नंबर आणि मुदतीची तारीख आपल्या वहीत लिहून ठेवा, पाठवणाऱ्यावर सोडू नका.

६ ऑक्टोबरला डिलिव्हरी घ्यायला गेले. चार गाठी कोरड्या. पाचवीचं बारदान खालच्या कोपऱ्यात काळपट, आणि हात लावला तर गार. हमाल म्हणाला, “ताई, हे वली लागून रायली, आंधी खोलून पाहा, मंग सही करा.” त्या भल्या माणसाचं ऐकलं. सुतळी कापली, आतलं प्लास्टिक फाटलेलं होतं. वरचे थर ठीक, मग एक उग्र कुबट वास आला. तळाच्या खोक्यात गुलाबी नेटचे फ्रॉक एकमेकांना चिकटलेले, लाल पट्ट्याचा रंग उतरून अस्तरावर ढग उमटलेले. ३८ नग. जागेवर फोटो काढले, पावतीवर “एक गाठ ओली, ३८ नग खराब” असं लिहूनच सही केली. त्या एका ओळीमुळे भाड्यात २,४०० सुटले आणि नोव्हेंबरमध्ये व्यापाऱ्याने क्रेडिट नोट दिली, म्हणजे खराब मालाची रक्कम आमच्या देण्यातून वजा केली. कोरी सही केली असती तर दोघांनीही हात वर केले असते.

आणखी एक. सेट फोडून द्यायचं ठरलेलं असताना त्या हप्त्यात ३० नंबर पुरेपूर भरलेला निघाला. भांडायला वेळ नव्हता. पुढच्या वेळी ऑर्डरच्या कागदावर नंबरवार आकडे लिहून त्यावर व्यापाऱ्याचा शिक्का घेणार आहे.

शेवटच्या १५ टक्क्यांत माझा अंदाज फिरवावा लागला. आमचं निम्मं गिऱ्हाईक उमरेड, कुही, भिवापूरकडचं. सप्टेंबरच्या पावसाने सोयाबीन झोपलं होतं. त्या हंगामाचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल होता, आणि कळमन्याच्या बाजारात त्याच्या बराच खाली भाव मिळत होता. बुधवारच्या बाजाराला आलेली माणसं दुकानात यायची, ९०० रुपयांच्या ड्रेसला हात लावायची आणि खाली ठेवायची. म्हणून १० ऑक्टोबरला गांधीबागेतून आणला तो माल सगळा २५० ते ४५० मधला, सुती, धुतल्यावर टिकेल असा. आपला नफा थोडा कमी राहिला. पण लेकराला नवा कपडा न घेता माणूस आपल्या दुकानातून परत जाणं मला सहन होत नव्हतं.

गर्दीचे दिवस पटकन सांगते, कारण त्यांत करायचं थोडंच उरलं होतं. कपाटं डिझाइनप्रमाणे न लावता नंबरप्रमाणे लावली: गिऱ्हाईक आधी वय सांगतं. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत दोन मुली मदतीला घेतल्या, रोज ४०० रुपये आणि जेवण. दुपारी दोन ते चार जरा सैल असतं, तेव्हाच खोकी उघडून कपाटं भरायची. संध्याकाळी वर चढायला कुणी मोकळं नसतं. दहा-वीसच्या नोटा ५,००० रुपयांच्या आधीच आणून ठेवल्या. सप्टेंबरच्या जीएसटीच्या ३बी रिटर्नची तारीख २० ऑक्टोबर, म्हणजे नरकचतुर्दशी. ती शेवटी २५पर्यंत वाढली, पण आम्ही १६लाच भरून मोकळे झालो होतो.

२१ला लक्ष्मीपूजनाला बाबा आले. सहा महिन्यांना आठवडा कमी होता, डॉक्टरांना विचारून आले. पायरी चढून क्षणभर उभे राहिले, कपाटांकडे बघितलं. पूजेला नवी चोपडी मांडली होती. बाबांनी गल्ल्याशेजारची वही दोऱ्यासकट उचलली, चोपडीशेजारी ठेवली आणि तिलाही हळदकुंकू वाहिलं.

नव्या मालाचे ३,६२० नग आले होते, भाऊबीजेच्या रात्री ४१० उरले. त्यातला मोठा भाग त्या ३० नंबरचा. १८ आणि २० नंबर पाडव्यापर्यंत पुरले. बँकेचे तीन लाख ६ नोव्हेंबरला भरले, मुदतीच्या तीन दिवस आधी.

वहीची ८३ पानं भरली. डिसेंबरात बसून सगळ्या ओळी मोजल्या. सगळ्यात जास्त वेळा आलेली होती मुलींची शिवलेली नऊवारी, नंबर २० आणि २२, ३१ वेळा. तयार मिळते ती बहुतेक २६च्या पुढची. कुहीच्या एक गिऱ्हाईक ताई शिवणकाम करतात. त्यांना गांधीबागेतून काठाचं कापड घेऊन दिलं, गुढीपाडव्यासाठी ४० नग, २८ फेब्रुवारीपर्यंत. पहिले सहा काल आले. २० नंबरचा काष्टा मागून थोडा तोकडा बसतोय, तेवढे दोन बोटं वाढवून घ्यायला आज सकाळच्या बसने परत पाठवलेत.